सेवेला आल्या, सोबतिणी झाल्या



या व्यासपीठावर दरवर्षी विद्वान मंडळी बोलतात आणि मी समोरच्या चौथ्या-पाचव्या रांगेत बसून ऐकतो. यंदा चालकांनी मला तिथून उठवून इथे उभे केले. त्याबद्दल त्यांचे आभार मानावेत की त्यांना दोष द्यावा, ते व्याख्यान संपल्यावर आपणच ठरवा. माझे शाळेतले शिक्षण नववीपर्यंतचे. वडील गिरणीत होते. जानेवारी १९८२ मध्ये मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी शाळकरी पोर होतो. पुढचे माझे शिक्षण कारखान्यात, युनियनच्या कचेरीत आणि नगरवाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा आज मी सांगणार ती हकीकत इतिहासाची असली तरी सांगणारा माणूस इतिहासकार नाही, एवढे ध्यानात असू द्या.

विषय आहे कॉलेजात शिकलेल्या मुलींच्या एका सेवामंडळाचा. आपण म्हणाल, कामगारांच्या माणसाला हा विषय कसा सुचला? तर त्यामागे माझ्याच हातून झालेली एक चूक आहे. ती आधी सांगतो.

सुमारे वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. माल पॅकिंग करणाऱ्या बायकांची युनियन आम्ही नुकतीच बांधायला घेतली होती. एका शनिवारी कॉलेजच्या सेवा योजनेतल्या दोन मुली कचेरीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "काका, आम्हांला काही काम द्या," म्हणाल्या. मी मान वर न करताच विचारले, "फोटो कुठे काढायचाय?" एक मुलगी रडवेली होऊन निघून गेली. दुसरी मात्र बाकावर बसली. बायकांच्या हातांत पगाराच्या इंग्रजी चिठ्ठ्या होत्या, त्या तिने एकेक वाचून समजावून दिल्या. भविष्य निर्वाह निधीचे पैसे दरमहा कापले जात होते; पण ते भरले गेल्याचा पत्ता कुठेच नव्हता. ही गोष्ट त्या बाकावर पहिल्यांदा उघडकीस आली. आमच्या पहिल्या तक्रारीचा कागद त्या मुलीच्या अक्षरातला आहे. पुढे तीन वर्षे ती दर शनिवारी येत राहिली. जी निघून गेली ती मात्र पुन्हा आली नाही, आणि तिची माफी मागायची माझी राहूनच गेली.

शिकलेल्या पोरींच्या सेवेबद्दल मला एवढा तिटकारा का होता, आणि तो कितपत खरा होता, या प्रश्नाने मला वाचनालयात नेले. तिथे अमेरिकेतल्या शिकागो शहरातल्या 'हल-हाउस' नावाच्या घराची हकीकत हाती लागली.

शिकलेल्या मुलीने करायचे काय?

इलिनॉय प्रांतात रॉकफर्ड गावी मुलींचे एक विद्यालय होते. १८७७ साली तिथे दोन मुली दाखल झाल्या. एक जेन ॲडम्स. हिचा जन्म १८६० चा. बाप सधन, प्रांताच्या विधिमंडळात बसलेला. दुसरी एलन गेट्स स्टार, जेनहून वर्षाने मोठी. एलनच्या घरी पैशाची ओढाताण होती. एक वर्ष होताच तिला विद्यालय सोडून शिक्षिकेची नोकरी धरावी लागली. मैत्री मात्र सुटली नाही. दोघी एकमेकींना लांबलचक पत्रे लिहीत राहिल्या. धर्मावर, पुस्तकांवर आणि आपल्या आयुष्याचे काय करावे या प्रश्नावर ती पत्रे आहेत.

हा शेवटचा प्रश्न त्या पिढीतल्या मुलींना फार जाचत होता. कॉलेजे नुकती उघडली होती. मुलींना इतिहास, ग्रीक, रसायनशास्त्र शिकवले जाई, आणि पदवी हाती देऊन त्यांना पुन्हा दिवाणखान्यात नेऊन बसवले जाई. भाऊ शिकला की धंद्याला लागे. बहीण शिकली की पाहुण्यांना चहा देई. जेन १८८१ साली विद्यालयातून बाहेर पडली आणि त्याच ऑगस्टमध्ये तिचे वडील वारले. डॉक्टर व्हावे म्हणून ती फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात गेली. पण पाठीच्या कण्याच्या दुखण्याने वर्षाच्या आतच तिला ते सोडावे लागले. हे महाविद्यालय आपल्या ओळखीचे आहे. १८८३ साली आपल्या आनंदीबाई जोशी तिथेच दाखल झाल्या आणि ११ मार्च १८८६ रोजी तिथूनच डॉक्टर होऊन बाहेर पडल्या. जेन त्याआधीच निघून गेली होती, त्यामुळे दोघींची गाठ पडली नाही. पण पाहा, आनंदीबाईंपुढे काम डोंगराएवढे होते आणि आयुष्य तोकडे पडले. जेनपुढे आयुष्य मोठे होते आणि काम सापडत नव्हते. पुढची सातआठ वर्षे ती युरोपात हिंडली, चित्रे पाहिली, आजारी पडली आणि मनातून कुढत राहिली.

१८८८ साली युरोपच्या दुसऱ्या प्रवासात एलन तिच्याबरोबर होती. माद्रिदला त्यांनी बैलांची झुंज पाहिली. इतर मंडळी किळस येऊन उठून गेली. जेन शेवटपर्यंत पाहत बसली आणि नंतर स्वतःवरच चिडली. आपण नुसते पाहत राहणारे होत चाललो आहोत, हे तिला त्या दिवशी लागले. मनात कित्येक दिवस घोळत असलेला बेत तिने एलनला सांगितला: शहरातल्या गरीब वस्तीत घर भाड्याने घ्यायचे आणि शेजारी म्हणून तिथे राहायचे. सांगताना तिला धाकधूक होती, की ही हसेल. एलन हसली नाही. ती म्हणाली, मी येते. मला वाटते, हल-हाउसचा पाया तिथेच पडला. एकटीच्या डोक्यात जो विचार पाच वर्षे पडून होता तो दुसरीने होकार देताच उभा राहिला.

त्याच जूनमध्ये जेनने लंडनचे टॉयनबी हॉल पाहिले. पाद्री सॅम्युएल बार्नेट आणि त्यांची पत्नी हेन्रिएटा यांनी १८८४ साली ही संस्था काढली होती. ऑक्सफर्ड-केंब्रिजचे पदवीधर तरुण तिथे मजूरवस्तीत राहत. अशा घराला तिकडे 'सेटलमेंट' म्हणतात. आपण वस्तीघर म्हणू.

हॉलस्टेड रस्त्यावरचे घर

१८ सप्टेंबर १८८९ रोजी जेन, एलन आणि घरकाम पाहणारी मेरी कायझर अशा तिघी शिकागोच्या हॉलस्टेड रस्त्यावरच्या जुन्या हवेलीत राहायला आल्या. त्याच वर्षी मार्चमध्ये पंडिता रमाबाईंनी मुंबईस शारदा सदन उघडले होते, हे जाता जाता सांगून ठेवतो. हॉलस्टेड रस्त्यावरच्या घराच्या एका बाजूला दारूचा गुत्ता, दुसऱ्या बाजूला प्रेतयात्रेचे सामान पुरवणाऱ्याचे दुकान. भोवती इटालियन, जर्मन, आयरिश, बोहेमियन, पोलंड-रशियातून आलेले ज्यू. घरे कोंदट, रस्त्यात कचऱ्याच्या लाकडी पेट्या तुडुंब भरलेल्या.

या मुलींनी सुरुवातीला केले काय? त्यांना जे येत होते ते. इटालियन बायकांना कादंबरी वाचून दाखवली, भिंतींवर युरोपातली चित्रे लावली, बालवाडी काढली. कामगारांच्या माणसाला याचे हसू येईल, मलाही आले. पण पहिल्याच नाताळात एक प्रकार घडला. जमलेल्या मुलांना मिठाई वाटली, तेव्हा काही लहान मुली ती घेईनात. विचारले तर कळले, की त्या मिठाईच्या कारखान्यात कामाला आहेत. सहा आठवडे सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत राबल्यामुळे मिठाई नुसती दृष्टीसही नको झाली आहे. त्याच सुमारास घराजवळच्या एका कारखान्यात तीन मुलगे एकाच यंत्रावर जायबंदी झाले, एक मेला. यंत्राला संरक्षक जाळी बसवायला थोडेसेच डॉलर लागले असते. हल-हाउसच्या बायकांना वाटले, मालकाला पश्चात्ताप होईल आणि तो उद्याच जाळी बसवील. त्याने काही केले नाही.

कॉलेजच्या कुठल्या तासाला हे शिकवले गेले नव्हते. एका हिवाळ्यात त्यांना जे कळले ते आपल्यासारख्यांना जन्मतःच ठाऊक असते. पण ज्याला जन्मतः ठाऊक असते तो पुष्कळदा त्याची सवय करून घेतो. त्यांना सवय झालेली नव्हती.

मेरी केनी

आता माझ्या मनाला सर्वांत भिडलेल्या माणसाकडे येतो. मेरी केनी ही आयरिश घरातली मुलगी. जन्म १८६४. लहानपणीच शाळा सुटली आणि बाप गेल्यावर ती पुस्तकबांधणीच्या कारखान्यात लागली. शिकागोत आल्यावर पुस्तके बांधणाऱ्या बायकांची युनियन करण्याच्या खटपटीत ती होती. त्यांच्या सभा एका गुत्त्याजवळच्या गलिच्छ जागेत भरत. एक दिवस हल-हाउसमधून तिला जेवायला बोलावणे आले. मेरीला वाटले, श्रीमंतांच्या बायकांचा क्लब, आपण कशाला जा? अगदी माझा प्रश्न, फक्त शंभरावर वर्षे आधीचा! तिची आई शहाणी. तिच्या आग्रहाने मेरी गेली.

गेली ती रागातच बसली होती. जेनने तिला उपदेश केला नाही की दया दाखवली नाही. तुमच्या युनियनसाठी आम्ही काय करू शकू, एवढेच तिने विचारले. मेरी म्हणाली, सभेला जागा हवी, पत्रके छापायला हवीत, ती वाटायला माणसे हवीत. जागा मिळाली. छपाईचा खर्च जेनने दिला आणि अंधाऱ्या, अरुंद जिन्यांवरून चढउतार करीत पत्रकेही तिने स्वतः वाटली. मेरीचा सारा ग्रह त्या जिन्यांवर फिटला.

आज मी सांगतो आहे त्याचे सार याच प्रसंगात आहे. 'मी तुम्हांला काय देऊ' असे म्हणणारा आपली पेटी उघडून बसतो. 'तुम्हांला काय हवे' असे विचारणाऱ्याला दुसऱ्याच्या मागे जिने चढावे लागतात. मैत्री या दुसऱ्या प्रकारात होते, आणि माणूस वाढतोही त्यातच. जेनने १८९२ सालच्या एका व्याख्यानात हे मोकळेपणाने कबूल केले, की वस्तीला आमची जितकी गरज आहे तितकीच आम्हां शिकलेल्या तरुणांना वस्तीची आहे. उपकाराची भाषा सोडून असे बोलायला प्रामाणिकपणा लागतो.

खोलीचे भाडे आणि संप

एकदा जोड्यांच्या एका मोठ्या कारखान्यातल्या मुलींचा संप चालू होता. हल-हाउसमध्ये त्यांची सभा भरली. बोलता बोलता उघड झाले, की संपात पहिल्यांदा कच खातात त्या घरापासून दूर, पैसे देऊन राहणाऱ्या मुली. कारण भाडे थकले की घरमालकीण बाहेर काढील ही भीती. त्यांतलीच एक म्हणाली, की आपले स्वतःचे राहण्याजेवणाचे मंडळ असते तर अशा वेळी एकमेकींना धरून राहता आले असते. ही कल्पना कामगार मुलीची. ती कुण्या पदवीधर बाईची नव्हे. १ मे १८९१ रोजी मंडळ निघाले. हल-हाउसने पहिल्या महिन्याचे भाडे आणि थोडे सामान दिले. पुढचा सारा कारभार मुलींचा, वर्गणी त्यांची, नियम त्यांचे. मंडळाला त्यांनी जेनचे नाव दिले. मेरी केनी पहिली अध्यक्ष. तिसऱ्या वर्षाअखेर इमारतीतली सहाही बिऱ्हाडे त्यांच्याकडे होती आणि सभासद पन्नास झाल्या होत्या.

गिरणगावात वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. संप मोडतो तो पोटाच्या आणि भाड्याच्या बाजूने. आमच्याकडे एकट्या राहणाऱ्या गिरणीकामगारांना खाणावळवाल्या बायका जेवू घालीत आणि संपात उधारीवर पोसत. त्यांचा हिशोब इतिहासात फारसा कुणी मांडला नाही. प्रेमाताई पुरव या कामगार चळवळीतल्या बाईंनी १९७५ साली अशा बायकांची संघटना बांधली, ती अन्नपूर्णा महिला मंडळ. शिकागोच्या मुलींनी जे ओळखले तेच इथे ओळखले गेले, की लढाऊपणाला छप्पर आणि ताट लागते.

याच मंडळाला पुढे स्वतःची इमारत बांधायची होती. एका धनिकाकडून वीस हजार डॉलर देऊ केले गेले. हा गृहस्थ आपल्याकडच्या मुलींना अपुरे वेतन देण्याबद्दल कुप्रसिद्ध होता. देणगी परत गेली. वर्गणीसाठी दारोदार फिरणाऱ्या माणसालाच कळेल, की वीस हजारांना नाही म्हणताना हात कसा थरथरतो.

घरात कायदा शिजला

१८९१ च्या डिसेंबरअखेर फ्लॉरेन्स केली तीन लेकरांसह हल-हाउसच्या दारात उभी राहिली. ही कॉर्नेल विद्यापीठाची पदवीधर. नवऱ्याच्या जाचातून सुटून आलेली. इंग्लंडच्या कामगारांवरील एंगल्सच्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर तिचेच. तिने शिवणकामाच्या कोंदट खोल्या एकेक करून पाहिल्या आणि पुरावा जमवला. युनियनवाले, मेरी केनी आणि हल-हाउसच्या बायका मिळून विधिमंडळापर्यंत गेल्या. १८९३ साली इलिनॉयमध्ये कायदा झाला: कारखान्यांत चौदा वर्षांखालील मुले नकोत आणि बायकांना आठ तासच काम. गव्हर्नर आल्टगेल्ड यांनी केलीलाच मुख्य कारखाना-निरीक्षक नेमले.

तिची साहाय्यक कोण? अल्झायना स्टीव्हन्स. ही लहानपणी कापडगिरणीत कामाला होती आणि तिथेच यंत्रात तिचे बोट गेले होते. पुढे ती युनियनची पुढारी झाली. कॉर्नेलची पदवीधर आणि बोट गमावलेली गिरणीकामगार एका टेबलाशी बसून कारखान्यांचे अहवाल लिहीत, हे चित्र मला कुठल्याही पुतळ्यापेक्षा मोठे वाटते. १८९५ साली प्रांताच्या वरिष्ठ न्यायालयाने आठ तासांचे कलम रद्द केले. केली खचली नाही. त्याच वर्षी ती कायद्याची पदवीधर झाली. त्याच वर्षी जेनने आपल्या वॉर्डाच्या कचरा-निरीक्षकाची नोकरी घेतली आणि पहाटे उठून ती कचऱ्याच्या गाड्यांमागे फिरू लागली. दिवाणखान्यातली आजारी मुलगी कुठल्या कुठे गेली!

बोस्टनची शाखा

शिकागोत हे घडत असता अमेरिकेच्या पूर्वेकडच्या स्मिथ, वेलस्ली, व्हासर, ब्रिन मॉर या कॉलेजांतल्या मुलींनी एकत्र येऊन आपली वस्तीघरे काढली. पहिले न्यूयॉर्कच्या रिव्हिंग्टन रस्त्यावर, हल-हाउसच्याच वर्षी. या खटपटीत पुढे होती व्हायडा स्कडर. तिचा जन्म आपल्याकडे मदुराईस, १८६१ चा. मिशनरी बाप ती तान्ही असतानाच नदीत बुडून वारला आणि आई तिला घेऊन मायदेशी परतली. १८९२ साली बोस्टनला डेनिसन हाउस निघाले. तिथे व्हायडा, हेलेना डडली आणि एमिली बॉल्च यांची जी मैत्री जुळली ती आयुष्यभर टिकली. लग्न होऊन बोस्टनला आलेली मेरी केनी त्यांच्यात जाऊन मिळाली. १९०३ साली त्याच शहरात कामगार महासंघाच्या अधिवेशनाच्या वेळी 'विमेन्स ट्रेड युनियन लीग' स्थापन झाली. पदवीधर बाया आणि कामगार बाया यांची ही जोड-संघटना. तिच्या मुळाशी ही वस्तीघरे होती.

या सख्याची किंमतही मोजावी लागली. १९१२ साली लॉरेन्स गावच्या कापडकामगारांच्या संपात व्हायडाने जाऊन भाषण केले, तेव्हा तिला कॉलेजातून काढा अशी ओरड झाली. त्याच वर्षी हेलेनाने डेनिसन हाउसचे प्रमुखपद सोडले. आपल्या मतांमुळे देणगीदार बिथरतील आणि घराचे नुकसान होईल, असे तिला वाटले. एमिलीची प्राध्यापकी पहिल्या महायुद्धाला विरोध केल्यामुळे गेली. पुढे १९४६ साली तिला शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले, जसे १९३१ साली जेनलाही मिळाले होते.

एलनचे काय झाले?

नोबेल मिळालेल्यांची नावे राहतात. मला विचाराल तर मी एलनच्या मागे जाईन. तिने लंडनला जाऊन उत्तम पुस्तकबांधणी शिकली आणि हल-हाउसमध्ये बांधणीची खोली काढली. पण असली पुस्तके घेणार श्रीमंत. आणि बाहेर रस्त्यावर शिवणकामगार मुली थंडीत पहारा देत उभ्या. १९१० साली शिकागोत तयार कपड्यांच्या कारखान्यात काही मुलींनी मजुरीतली कपात नाकारून काम थांबवले आणि बघता बघता सुमारे चाळीस हजार कामगार बाहेर पडले. पन्नाशीची एलन त्यांच्याबरोबर पहाऱ्यावर उभी राहिली. १९१४ साली उपाहारगृहातल्या वाढपी मुलींच्या संपात तिला अटकही झाली. पोलिसांशी हुज्जत घालणारी ही बाई एके काळी शाळेत चित्रकलेची गोडी लावणारी शांत शिक्षिका होती.

जेन आणि एलन यांची मैत्री पहिल्यासारखी राहिली नाही, हेही सांगितले पाहिजे. जेन सर्वांना सांभाळून घेणारी, तडजोडीची, एलन धारदार. जेनच्या जिवाभावाच्या जागी दुसरी मैत्रीण आली. तरीही दोघी तीस-चाळीस वर्षे एकाच कामाला जोडलेल्या राहिल्या. युनियनच्या कामात मी पाहिले आहे, की रोज गळ्यात गळा घालणारे मित्र पहिल्या मतभेदाला तुटतात. आणि काम धरून राहिलेले, न बोलता का होईना, शेजारी उभे असतात.

दोषही होते. बहुतेक वस्तीघरांत काळ्या लोकांना गोऱ्यांच्या बरोबरीची जागा नव्हती. देणगीवर जगणाऱ्या संस्थेला देणगीदाराचे तोंड पाहावे लागतेच. आणि संध्याकाळी पुस्तक वाचायला बसणाऱ्या बाईला दमलेल्या मजुरणीचे दुःख पुरते कळते, असे मी म्हणणार नाही. जेन १९३५ साली गेली, एलन १९४० साली. १९६३ साली विद्यापीठासाठी हल-हाउसच्या बहुतेक इमारती पाडल्या गेल्या. मूळ घराचे आता संग्रहालय आहे. जेनच्या पश्चात कार्य चालवणारी संस्था २०१२ साली पैशाअभावी बंद पडली.

मग उरले काय? मिठाई नाकारणाऱ्या मुलींसाठी कायदा झाला, तो एकदा पडला, पुन्हा उभा राहिला. मेरी केनीसारखी शाळा सुटलेली बाई १८९२ साली अमेरिकन कामगार महासंघाची पहिली स्त्री-संघटक झाली. आणि डझनावारी शिकलेल्या मुलींना आपल्या शिक्षणाचे काय करायचे ते उमगले.

आमच्या कचेरीतली ती मुलगी आता चाळिशीला आली आहे. शेवटच्या शनिवारी जाताना ती म्हणाली होती, "काका, कॉलेजात मैत्रिणी पुष्कळ होत्या. पण अडचणीला हाक मारावी अशा मला इथे भेटल्या." तिच्या लग्नात त्या पॅकिंगवाल्या बायका पहिल्या पंगतीला होत्या.

सभागृहात कॉलेजच्या मुली बसलेल्या मला दिसताहेत. त्यांना माझे सांगणे एवढेच, की दारात कुणी फोटोबद्दल विचारले तर रागावू नका, बाकावर बसा. आणि माझ्या युनियनवाल्या मित्रांना सांगणे, की दारात कुणी आले तर आधी मान वर करा. मी एकदा केली नाही, ते अजून सलते आहे.